मासे झोपतात, म्हणून पंपही बंद?

घरात फिश टँक आणायचा ठरला, की चर्चा होते ती काचेची, दिव्याची, तळाशी पसरायच्या रंगीत खड्यांची आणि अर्थातच माशांची. हवेचा पंप या चर्चेत कुठेच नसतो. तो येतो बिलाच्या अगदी तळाशी. दुकानदार विचारतो, "पंप कुठला देऊ?" आणि टीव्ही घेताना चार दुकानं पालथी घालणारा घरचा कर्ता पुरुष बेफिकिरीने सांगून टाकतो, "द्या हो कुठलाही. चालला म्हणजे झालं!" बाकीच्या वस्तू घरी येऊन नुसत्या शोभेला उभ्या राहतात. राबतो हा एकटा, तोही चोवीस तास. आणि गंमत म्हणजे टँकवरून घरात जी काही वादावादी होते, तीही बहुतेक वेळा याच्याचपायी!

नागपुरातल्या एका घरात हेच झालं. आतल्या दोन खोल्या, पुढे हॉल. पोस्टातून निवृत्त झालेले आजोबा, मुलगा, सूनबाई आणि पाचवीत जाणारी नात. मार्चमध्ये नातीच्या वाढदिवसाला टँक आला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे खडे-बिडे वजा जाता पन्नासेक लिटर पाणी. दुकानदाराने त्यात नऊ गोल्डफिश दिले. आठ सोनेरी, एक काळा. "साहेब, नऊचा आकडा शुभ असतो. आणि काळा सगळी पीडा स्वतःवर घेतो," अशी पुस्तीही त्याने जोडली. फेंगशुईच्या नावाने खपलेला हा हिशेब आता दुकानदारांना तोंडपाठ आहे. त्या नऊ जिवांना श्वास घ्यायला पन्नास लिटर पाणी पुरेल का, हा हिशेब मात्र कुठल्याच शुभाशुभात बसत नाही.

सोबत एक छोटा पंप आला आणि नातीने हट्टाने घेतलेली खजिन्याची पेटी. हवा भरली की पेटीचं झाकण उघडणार, भसकन् बुडबुडे येणार, झाकण पुन्हा मिटणार. मार्च गेला, एप्रिल आला. हॉलच्या खिडकीला कूलर लागला आणि नागपूरच्या घराघरांतून ऐकू येणारी ती ओळखीची घुंघुं सुरू झाली. त्या आवाजात बिचाऱ्या पंपाची काय मात्तबरी! टँकशेजारच्या दिवाणावर झोपणाऱ्या आजोबांना सबंध उन्हाळाभर पंपाचा पत्ताही लागला नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस पडला. कूलर बंद झाला. त्या रात्री आजोबांना पंप ऐकू आला!

हा आवाज कशाचा असतो, ते एकदा समजून घ्यायला हवं. पंपाच्या पोटात मोटार नसते. असते ती तारेची एक गुंडाळी, तिच्यासमोर एका दांडीच्या टोकाला बसवलेलं चुंबक आणि त्या दांडीला जोडलेली रबराची वाटी. आपल्याकडच्या विजेची सेकंदाला पन्नास आवर्तनं होतात, तसं ते चुंबक सेकंदाला पन्नास वेळा इकडून तिकडे ओढलं जातं. रबराची वाटी तितक्याच वेळा दबते आणि फुगते. दोन बारीक पडदे एका बाजूने हवा आत घेतात, दुसऱ्या बाजूने नळीत ढकलतात. बस्स, एवढंच यंत्र. लोहाराचा भाताच, पण मुठीएवढा! त्याची थरथर ज्या फळीवर तो ठेवलाय तिच्यात उतरते आणि फळी तबल्यासारखी बोलू लागते. म्हणजे पंप जेवढा ओरडतो, त्याच्या दुप्पट त्याच्याखालचं कपाट ओरडतं.

त्या घरात पंप ठेवला होता तो प्लायवूडच्या शोकेसवर. आत काचेचे ग्लास! चार रात्री आजोबांनी कशाबशा काढल्या. पाचव्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "सूनबाई, ते यंत्र रात्री बंद करत जा. माझा डोळा लागत नाही."

सूनबाई घुटमळल्या. "पण बाबा, मासे..."

"मासेही झोपतातच की रात्री! बघ ना, दिवा घालवला की कसे तळाशी गप्प उभे असतात."

यात चूक काहीच नव्हतं. मासे खरोखर झोपतात. त्यांना पापण्या नाहीत म्हणून आपल्याला ते कळत नाही, एवढंच. गोल्डफिश रात्री तळाजवळ जवळजवळ स्थिर राहून विसावा घेतो. शिवाय विजेची बचत! रात्री दहाला पंप बंद, सकाळी सहाला सुरू, असा नेम ठरला. देशभरातल्या किती घरांत हा नेम आजही चालू असेल, देव जाणे.

विजेचं आधी निपटून टाकू. असा घरगुती पंप साधारण तीन वॅटचा असतो. चोवीस तास चालवला तरी महिन्याला दोन युनिटांच्या थोडा वर. दोनशे वॅटचा कूलर एका उन्हाळी रात्रीत, दहा-अकरा तासांत, तेवढीच वीज खातो! तेव्हा बचत म्हणून पंप बंद ठेवण्यात काही हशील नाही. उरला प्रश्न झोपेचा. तो मात्र खरा होता. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची झोप ही काही चैनीची बाब नव्हे.

पण झोपेचं एक वैशिष्ट्य आहे. म्हातारपणी ती आवाज नसला तरी पहाटे चारला मोडतेच. आजोबा उठले, पाणी प्यायले आणि सहज टँकवरचा दिवा लावून बघतात तर काय, नऊच्या नऊ मासे पाण्याच्या वरच्या काठाला तोंडं लावून उभे! कोणी इकडे फिरतंय, कोणी तिकडे वळतंय असं नाही. सगळे एका ओळीत, तोंडं उघडमीट करत. आजोबांना वाटलं, भूक लागली असेल. त्यांनी डबा उघडून चिमूटभर खाणं टाकलं. एकानेही तोंड लावलं नाही.

सकाळी कामाला येणाऱ्या बाईंना त्यांनी हे सांगितलं. बाई भंडाऱ्याकडच्या, ढीवरांच्या घरातल्या. भंडारा-गोंदियाचा तो सगळा मुलूख मालगुजारी तलावांचा. त्यांचं बालपणच तलावाच्या पाळीवर गेलेलं. भांडी घासता घासता म्हणाल्या, "बाबूजी, हे तं तलावातबी होते. ढग भरून आले का पहाटे मासे असेच तोंडं वर काढते. माहा बाप म्हणे, पाण्यातला दम सरला."

पाण्यातला दम सरला! मत्स्यशास्त्राच्या जाड पुस्तकातही हे याहून नेमकं सापडणार नाही. दिवसा उजेडात पाण्यातल्या वनस्पती, शेवाळ प्राणवायू तयार करतात. अंधार पडला की ते काम थांबतं, पण श्वास घेणं थांबत नाही. रात्रभर मासेही प्राणवायू घेतात, झाडंही घेतात आणि खड्यांत, गाळात बसलेले कोट्यवधी जिवाणूही घेतात. खर्च चालू, जमा बंद. शिल्लक सर्वांत कमी होते ती सूर्योदयाच्या जरा आधी. ढगाळ दिवस असेल, तर दिवसाची जमाही बेताचीच. म्हणूनच मत्स्यशेती करणारे लोक तळ्यात पाणी घुसळणारी चाकं लावतात ती खास करून मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत. आणि घरोघरी आपण नेमका तेव्हाच पंप बंद करतो!

मुळात पाण्याजवळ प्राणवायूची श्रीमंती कधीच नसते. आपण श्वास घेतो त्या एका लिटर हवेत प्राणवायू असतो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. एक लिटर पाण्यात, वीस अंश तापमानाला, मावतो फक्त नऊ मिलिग्रॅम. पाणी तापून तीस अंशांवर गेलं की साडेसात. म्हणजे उन्हाळ्यात पाण्याची झोळी लहान होते आणि गरम पाण्यात माशाच्या शरीराचा व्यवहार वेगाने चालत असल्यामुळे त्याची मागणी मात्र वाढते. त्यातून गोल्डफिश हा थंड पाण्यातला, चीनमधून जगभर गेलेला, कार्पच्या कुळातला मासा. विशीच्या आसपासच्या पाण्यात तो सुखी असतो. विदर्भाच्या मे महिन्यात त्याने दिवस कसे काढले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

त्या दिवशी संध्याकाळी आजोबांनी मुलाला सगळं सांगितलं. मुलगा कर्तबगार. शनिवारी उठला, बाजारात गेला आणि दोन तोंडांचा, पहिल्याच्या तिप्पट हवा फेकणारा पंप घेऊन आला. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिटरचा आकडा होता. "आता काळजीच नको," असं म्हणून त्याने तो लावला.

काय झालं? टँकमध्ये वादळ झालं! लांबलचक शेपट्यांचे ते जाडे मासे काही अट्टल पोहणारे नव्हेत. प्रवाहाच्या विरुद्ध झगडून ते दमले, कोपऱ्यात जाऊन दबून राहिले. काचेवर बाहेरून थेंबांची नक्षी उमटली. खजिन्याची पेटी फटाफट आपटू लागली. आवाज तर असा, की आता आतल्या खोलीतूनही तक्रार आली. मुलाने नळीला गाठ मारून हवा कमी करून पाहिली. पंप आणखीच कण्हू लागला.

नळी चिमटली की पंपाचं काम कमी होत नाही, उलट वाढतं. कोंडलेली हवा रबराच्या वाटीवर उलटा दाब देते, वाटी तापते आणि काही महिन्यांत चिरते. हवा जास्त होत असेल तर नळीला टी-जोड बसवून वरची हवा बाहेर सोडून द्यावी, किंवा ज्याची धार बटणाने कमी-जास्त करता येते असा पंप घ्यावा. खोक्यावरच्या आकड्यालाही फार भुलू नये. तो बहुधा मोकळ्या तोंडाने हवा सोडताना मोजलेला असतो. तीच हवा फूटभर पाण्याखाली, बारीक छिद्रांच्या स्टोनमधून ढकलायची म्हटलं की आकडा बराच खाली येतो. फूटभर उंचीच्या टँकला साधा छोटा पंप पुरेसा होतो. टँक दोन फूट खोल असेल, तरच जोरदार पंपाचा विचार करावा. कारण जसजशी खोली वाढते, तसतसा पाण्याचा दाब वाढतो.

पण खरा गैरसमज वेगळाच आहे. पंपाने सोडलेले बुडबुडे म्हणजे माशांना दिलेला प्राणवायू, असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. फूटभर पाण्यातून बुडबुडा वर यायला लागतो जेमतेम एक-दीड सेकंद. तेवढ्या वेळात तो पाण्याला देऊन देऊन काय देणार? त्याचं मोठं काम दुसरंच आहे. वर येताना तो तळाचं पाणी सोबत घेऊन येतो आणि पृष्ठभाग फोडतो. प्राणवायू पाण्यात शिरतो तो मुख्यतः तिथून, वरच्या उघड्या पाण्यातून. स्थिर पाण्यात तो स्वतःहून खाली झिरपायला अतोनात वेळ लागतो. हवेत जितक्या सहज पसरतो त्याच्या दहा हजारांश वेगाने. वरचं पाणी खाली आणि खालचं वर गेलं, तरच साऱ्या टँकला वाटणी मिळते. पंप म्हणजे वाढपी आहे. अन्न येतं ते पाण्याच्या तोंडातून.

मग हे तोंड केवढं आहे, याला महत्त्व येतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद टँकचं तोंड दोन चौरस फूट. शोभेसाठी लोक उंच, अरुंद टँक घेतात. त्यात पाणी तेवढंच, पण तोंड लहान. काचेचा गोल बाउल तर गळ्यापर्यंत भरला की तोंड बशीएवढं! त्यात गोल्डफिश ठेवण्याची चाल कोणी पाडली कोण जाणे. माशाच्या दृष्टीने तिच्याइतकी वाईट चाल नाही. आणि वाढपी कितीही चपळ असला, तरी पंगतीला बोलावलेली माणसं अन्नाच्या दुप्पट असतील, तर तो काय करणार?

इथेच त्या घरातली गाडी अडली. पंप मोठा आणला, आजोबांची झोप गेली, तरी पहाटे दोन-तीन मासे वर तोंड लावलेले दिसतच होते. पंप चालू असतानाही मासे वर येत असतील, तर दोष हवेचाच असेल असं नाही. माशांच्या कल्ल्यांमधून अमोनिया बाहेर पडतो. टँकमधले उपकारक जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग त्याहून सौम्य असं नायट्रेट. मासे फार झाले की जिवाणूंना हा उपसा झेपत नाही, आणि अमोनिया, नायट्राइट साचलं की मासा हवा असूनही गुदमरतो. त्यात या जिवाणूंनाही काम करायला प्राणवायूच लागतो. रात्री आठ तास पंप बंद ठेवला, की त्यांचीही उपासमार. म्हणजे नऊ शुभ गोल्डफिशांचा हा सगळा पसारा पंपाच्या आकाराने सुटणारा नव्हताच. मासे कमी करणं, हाच उपाय होता.

हे नातीला सांगायचं कोणी?

मुलाने सांगून पाहिलं. रडारड झाली. सूनबाईंनी समजावलं, ती जेवली नाही. शेवटी आजोबांनी तिला पहाटे चारला उठवलं. टँकसमोर खुर्ची ठेवली, दिवा लावला आणि काहीच न बोलता शेजारी बसून राहिले. बराच वेळ गेला. मग तीच म्हणाली, "आजोबा, यांना काय होतंय?"

"तू उशीत तोंड खुपसून किती वेळ राहू शकशील, बेटा?"

तिने खरोखरच उशी आणून करून पाहिलं.

आता वाटण्या. पन्नास लिटरमध्ये दोन गोल्डफिश, तेही लहान आहेत तोवरच. हा मासा नीट वाढला तर सहज वीतभर होतो. म्हणजे सात जायचे. ती म्हणाली, फुटाळ्याला सोडून येऊ, तिथे केवढं पाणी आहे! हा विचार मोठ्या माणसांच्याही मनात येतो आणि भलेपणापोटीच येतो. पण घरचा पाळीव मासा तलावात सोडणं हे तलावावरही संकट आहे. तो जगला तर तिथल्या मूळच्या माशांच्या वाट्याचं खातो, गाळ उकरून पाणी गढूळ करतो, आपल्यासोबतचे रोगही तिकडे नेतो. चार मासे मुलाच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे गेले. त्याच्या अंगणात सिमेंटचा मोठा हौद होता. तीन दुकानदाराने परत घेतले, अर्थात पैसे न देता. मागे कोण राहणार, ते नातीने ठरवलं. एक काळा, आणि एक शेपटी फाटलेला. "याला दुसरं कोणी नेणार नाही," ती म्हणाली. त्यावर कोणी काही बोललं नाही.

मोठा पंप दुकानात गेला, जुना छोटा परत आला. आता मात्र घरातल्या सगळ्यांनी मिळून त्याची बडदास्त ठेवली. शोकेसवरून उचलून त्याला भिंतीतल्या खिळ्याला जाड दोरीने टांगला. पंप कुठल्याच फळीला टेकत नाही म्हटल्यावर फळी बोलायची थांबली. आवाज निम्म्याहून खाली आला. टांगायची सोय नसेल तर खाली जाड स्पंजचा तुकडा ठेवावा. टॉवेल गुंडाळू नये, कपाटात कोंडू तर मुळीच नये. कारण बऱ्याच पंपांचं हवा घ्यायचं तोंड तळाशी असतं; ते बुजलं की पंप तापतो.

खिळाही पाण्याच्या पातळीच्या वर ठोकला. यामागे कारण आहे. लाइट गेली की नळीतली हवा संपते आणि टँकमधलं पाणी उलटं नळीत चढू लागतं. पंप खाली ठेवलेला असेल तर ते सरळ त्याच्या पोटात, तिथून जमिनीवर आणि कधी कधी बोर्डावर! पंप खालीच ठेवायचा असेल, तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. पाच-दहा रुपयांपासून मिळणारी ही चिमुकली वस्तू आहे. ती उलटी बसवली तर हवाच जात नाही. लावण्याआधी तोंडाने फुंकून पाहावी, फुंकर जाते ती बाजू पंपाकडे. आणि वायरीला प्लगच्या खाली एक झोल ठेवावा, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब बोर्डात न जाता तिथून खाली पडतो.

खजिन्याच्या पेटीला निवृत्ती मिळाली. त्या जागी स्पंज फिल्टर आला. यात हवा स्पंजच्या आतून वर जाते आणि जाताना टँकचं पाणी स्पंजमधून ओढून घेते. एकाच पंपावर पाणी घुसळलंही जातं, गाळलंही जातं आणि स्पंजच्या छिद्रांत त्या उपकारक जिवाणूंना घरही मिळतं. गल्लीतल्या दुकानापासून कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटवरच्या रविवारच्या बाजारापर्यंत आणि चेन्नईच्या कोळत्तूरमधल्या रंगीत माशांच्या पेठेपर्यंत कुठेही तो मिळतो, आणि स्वस्तात मिळतो. दुकानदार स्वतःच्या टाक्यांना हाच लावतात, यावरून काय ते समजावं! फक्त तो नळाखाली खळखळून धुवायचा नाही. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जिवाणू मरतात. टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा पिळला की पुरे.

ज्यांना पंपाची कटकटच नको, त्यांच्यासाठीही मासे आहेत. फायटर आणि गुरामी जातीच्या माशांना डोक्यात हवा साठवायचा एक खास अवयव असतो. ते वर येऊन थेट हवेतला श्वास घेतात. तांबड्या-निळ्या पट्ट्यांची बुटकी गुरामी तर आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातली. त्यांनाही स्वच्छ पाणी आणि पुरेशी जागा लागतेच, पण लाइट गेली म्हणून ते रात्रीत दगावत नाहीत. परदेशी गोल्डफिशपायी ही घरची मंडळी मात्र मागे पडली.

लाइट जाण्यावरून आठवलं. लोडशेडिंगचे ते जुने दिवस सरले असले, तरी उन्हाळी वादळात अजूनही दोन-दोन तास अंधार होतो. बॅटरीवर चालणारे छोटे पंप मिळतात. मोबाइलच्या पॉवर बँकेवर चालणारेही आता आले आहेत. पण काहीच नसेल तेव्हा? तेव्हा मग! मग भरून पाणी घ्यायचं आणि वीतभर उंचीवरून परत टँकमध्ये सोडायचं. हा उपाय विजेहूनही जुना आहे. १८४६ साली लंडनच्या ॲना थिन नावाच्या बाईंनी समुद्रातले जिवंत प्रवाळ घरात आणून ठेवले होते. त्या काळी पंप कुठला? त्यांची एक छोटी मोलकरीण खिडकीशी उभी राहून ते खारं पाणी या भांड्यातून त्या भांड्यात अर्धा-पाऊण तास ओतत बसायची. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी पहिलं मत्स्यालय उघडलं ते त्यानंतर, १८५३मध्ये. सारा मान मालकिणीला मिळाला. पण जगातल्या पहिल्यावहिल्या घरगुती एअर पंपांमध्ये त्या मुलीच्या दोन हातांची गणना करायला हरकत नसावी.

नागपूरच्या त्या घरात हे काम आजोबांकडे आहे. आवाज बारीक झाला तसा तो त्यांच्या सवयीचा झाला, आणि आता रात्री पंखा आणि पंप दोन्ही थांबले की त्यांना जाग येते. उठतात, टॉर्च लावतात, वीस मग मोजून ओततात आणि पुन्हा आडवे होतात. उन्हाळ्यात भर दुपारी ते टँकवरचं झाकण काढून टेबलफॅनचा वारा पाण्यावर सोडतात. नागपूरच्या कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि टँक दोन-तीन अंशांनी थंड होतो, कूलरचंच तत्त्व! उडालेलं पाणी रात्रभर बादलीत निवत ठेवलेल्या पाण्याने भरून काढतात. बर्फ थेट पाण्यात टाकायचा नाही, हे त्यांनी सूनबाईंनाही बजावलंय. एकाएकी आलेला गारठा माशाला सोसत नाही.

पोस्टातला माणूस, नोंदी ठेवल्याशिवाय कसा राहील? भिंतीवरच्या कॅलेंडरवर स्पंज पिळल्याची तारीख असते. पंपाची हवा मंदावली की आधी नळी काढून बघायची. हवा जोरात आली तर स्पंज किंवा स्टोन तुंबलाय, नाही आली तर रबराची वाटी गेली. ही वाटी सुटी मिळते. चार स्क्रू काढून ती बदलता येते, हे न कळल्यामुळे किती तरी चांगले पंप कचऱ्यात जातात. आजोबांच्या खणात, रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी, दोन वाट्या कायम तयार असतात.

आता पुन्हा मार्च जवळ आलाय. काळा मासा चांगला पाच इंचांचा झालाय. नातीची मागणी तयार आहे. वाढदिवसाला तिसरा मासा. तिच्या बाबांचं मन वळलेलं दिसतं, दोन हा काही शुभ आकडा नव्हे असं ते परवा म्हणालेही. आजोबांनी चष्मा पुसत टेप काढली, टँकची लांबी-रुंदी पुन्हा एकदा मोजली आणि कॅलेंडरच्या कोपऱ्यात काही तरी आकडे मांडले. "आधी तीन फुटांचा टँक," ते म्हणाले, "मग मासा." तीन फुटांचा टँक हॉलमध्ये बसवायचा तर दिवाण हलवावा लागणार, यावर घरात सध्या खल चालू आहे.